क्लबच्या वायरगार्ड व्हीपीएनवर सभासदांचा की-सेटअप सोपा कसा करावा?

घाटमाथा_७३:

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी रेडिओ (हॅम) क्लबच्या नेटवर्कसाठी भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड (एन्क्रिप्टेड टनेल बनवणारा व्हीपीएन) चालू आहे. डेबियन, एक कोअर, ५१२ एमबी रॅम, यूडीपी पोर्ट ५१८२०. त्यावर डोंगरावरच्या रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं स्थानक) कंट्रोलरचा रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), दोन एपीआरएस आयगेट (रेडिओवरचे स्थान-संदेश इंटरनेटवर नेणारे), एक वेबएसडीआर (ब्राउझरमधून ऐकायचा रिसीव्हर) आणि सभासदांचे फोन-लॅपटॉप जोडायचे आहेत. जवळपास सगळ्यांचं इंटरनेट सीजीनॅटच्या (कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते ती सोय) मागे आहे, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. व्हीपीएन हाच रस्ता.

सर्व्हर व्यवस्थित चालतो. अडतं ते सभासदांच्या बाजूला. सध्या सभासदाने मागितलं, की अ‍ॅडमिन सर्व्हरवर त्याच्यासाठी दोन्ही की (गुप्त ठेवायची प्रायव्हेट आणि उघड चालणारी पब्लिक) तयार करतो, कॉन्फिग फाइल लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि सभासद ती अ‍ॅपमध्ये घालतो. सभासद ३४ आहेत. बरेच ज्येष्ठ आहेत, ट्रान्समीटर स्वतः बांधणारे आहेत, पण टर्मिनलची सवय नाही. फाइल अर्धवट कॉपी होते, एखादं अक्षर गळतं, एकच फाइल दोन उपकरणांवर घातली जाते. चुकलं तर वायरगार्ड काहीच बोलत नाही, नुसतं जोडलं जात नाही.

हे सगळं कमीत कमी पायऱ्यांत कसं बसवावं? सभासदाला दोनच गोष्टी विचाराव्या लागतील आणि प्रायव्हेट की चॅटवर फिरणार नाही, असं काही करता येईल का? शिवाय की पाठवणारा खरोखर त्याच कॉलसाइनचा (परवान्यातल्या ओळख-संकेताचा) आहे हे कसं ताडायचं?

डायपोल_दोनमीटर:

ओएम (हॅम मंडळींची 'मित्रा' अशी हाक), तुमचा प्रवाहच उलटा आहे. प्रायव्हेट की अ‍ॅडमिनकडे जन्माला येते आणि मग ती सभासदापर्यंत पोचवावी लागते. सगळी ओढाताण त्या पोचवण्यातून येते. की सभासदाच्या उपकरणावरच तयार होऊ द्या. बाहेर पडेल फक्त पब्लिक की, आणि तीही एकदाच, एकाच दिशेने. पब्लिक की चॅटवर गेली, बोर्डावर चिकटवली तरी बिघडत नाही.

यात एक गाठ असते. सभासदाने पब्लिक की पाठवली की अ‍ॅडमिन त्याला पत्ता देतो, मग सभासद पुन्हा कॉन्फिग उघडून तो पत्ता भरतो. म्हणजे हेलपाटा दुहेरी. तो टाळायचा तर पत्ते आधीच वाटून टाका. प्रत्येक सभासदाला २ ते ९९ मधला एक क्रमांक द्या आणि तोच पत्त्याचा शेवटचा आकडा ठेवा. नेटवर्क समजा १०.७३.०.०/२४ (/२४ म्हणजे शेवटचा आकडा मोकळा, /३२ म्हणजे एकच पत्ता) धरलं आणि सर्व्हर १०.७३.०.१. मग १७ क्रमांकाच्या सभासदाचं पहिलं उपकरण १०.७३.०.१७ आणि दुसरं १०.७३.०.११७. शंभर मिळवले की दुसरं उपकरण, हे कुणालाही लक्षात राहतं. १९२.१६८.१.० ची मालिका अजिबात घेऊ नका. निम्म्या घरांतले राउटर तीच वापरतात आणि मग घरचा प्रिंटर आणि क्लबचा कंट्रोलर एकाच पत्त्यावर भांडतात.

आता सभासदाला विचारायचं फक्त कॉलसाइन आणि क्रमांक. बाकी सगळं आधीच भरून ठेवता येतं. कॉन्फिगमध्ये काय असावं ते सांगतो (शब्द उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे). इंटरफेसच्या भागात प्रायव्हेट-की, अ‍ॅड्रेस १०.७३.०.१७/३२ आणि एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १२८०. पीअरच्या (पलीकडच्या टोकाच्या) भागात सर्व्हरची पब्लिक-की, एंडपॉइंट म्हणून सर्व्हरचं नाव आणि पोर्ट, अलाउड-आयपीज १०.७३.०.०/२४ आणि पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५. सात ओळी, त्यातल्या दोनच माणसागणिक बदलतात.

प्रत्येक आकड्याला कारण आहे. कीपअलाइव्ह २५ म्हणजे दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट जातं आणि सीजीनॅटने उघडलेली वाट बुजत नाही. ही ओळ नसेल तर डोंगरावरचा पाय स्वतः काही पाठवेपर्यंत तुम्हाला तिथे पोचता येणार नाही. एमटीयूची नेहमीची किंमत १४२०, पण मोबाईल नेटवर्कवर ती कधीकधी जड जाते. पिंग चालतं, वेबपेज मात्र अर्ध्यावर लटकतं, ही त्याची खूण. १२८० ठेवा, वेग किंचित कमी होईल पण सगळीकडे चालेल. अलाउड-आयपीजमध्ये ०.०.०.०/० लिहू नका. तसं केलं तर सभासदाच्या घरातलं सगळं इंटरनेट क्लबच्या सर्व्हरमधून वाहू लागेल.

लिनक्स आणि पायसाठी पंधरा-वीस ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. कॉलसाइन आणि क्रमांक विचारायचा, यूमास्क ०७७ लावायचा (नाहीतर की-फाइल सगळ्यांना वाचता येते), 'डब्ल्यूजी जेनकी' ने प्रायव्हेट की, तिच्यापासून 'डब्ल्यूजी पबकी' ने पब्लिक की, साच्यात दोन्ही जागा भरायच्या, सर्व्हिस चालू करायची आणि शेवटी पडद्यावर एकच ओळ दाखवायची: कॉलसाइन, क्रमांक, पब्लिक की. सभासद ती ओळ जशीच्या तशी अ‍ॅडमिनला पाठवतो.

फोनची गोष्ट वेगळी. अ‍ॅपमध्ये हाताने टनेल बनवता येतो आणि की-जोडीही तिथेच तयार होते, पण मग उरलेले रकाने सभासदाला स्वतः भरावे लागतात आणि चुका तिथेच होतात. त्यापेक्षा एकच एचटीएमएल फाइल बनवा, जी ब्राउझरमध्ये उघडली की तिथल्या तिथे की-जोडी तयार करून पूर्ण कॉन्फिग देते. वायरगार्ड टूल्सच्या मूळ कोडमध्ये कंट्रिब फोल्डरात कीजेन-एचटीएमएल नावाचं उदाहरण आहे, त्यातला की-जोडी काढणारा वक्र-२५५१९ (कर्व्ह-२५५१९) चा भाग उचलता येतो. क्यूआर काढणारी जावास्क्रिप्ट त्याच फाइलमध्ये घाला, बाहेरून काही लोड करू नका. लॅपटॉपवर उघडली तर क्यूआर दाखवायचा, सभासद फोनने स्कॅन करतो. फोनवरच उघडली तर डाउनलोडचं बटण, कारण फोन स्वतःचाच पडदा स्कॅन करू शकत नाही. की सर्व्हरकडे जात नाही हे तपासायचं असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाकून पान चालवून पाहा. चाललं पाहिजे.

प्रीशेअर्ड कीचा पर्याय दिसेल. तो लावू नका. ते तिसरं गुपित दोन्हीकडे पोचवावं लागतं, म्हणजे जो त्रास काढून टाकला तोच पुन्हा दारात.

सोल्डरवायर:

वरच्या पद्धतीशी सहमत. ती राबवताना जिथे हमखास पाय अडकतो त्या जागा सांगतो.

पायसाठी तयार एसडी कार्डची प्रतिमा वाटणार असाल तर तिच्यात की राहता कामा नये. एकदा चालवून पाहिलेल्या कार्डाची प्रत काढली की प्रायव्हेट कीसुद्धा कॉपी होते. मग दोन पाय एकाच कीने बोलतात, आणि सर्व्हर ज्याचं पॅकेट शेवटचं आलं त्याला उत्तर पाठवतो. लक्षण असं की दोन्ही उपकरणं आळीपाळीने चालतात, आणि सर्व्हरवर 'डब्ल्यूजी शो' केलं तर त्या पीअरचा एंडपॉइंट मिनिटा-मिनिटाला बदलताना दिसतो. की बनवणारी सर्व्हिस पहिल्या बूटवर एकदाच चालावी, आणि की-फाइल आधीच असेल तर गप्प बसावी. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) 'कंडिशन-पाथ-एक्झिस्ट्स' समोर उद्गारचिन्ह लावून ही अट एका ओळीत येते. एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) होस्ट कीलाही हेच लागू, प्रतिमा काढण्याआधी त्याही पुसा.

फाइलचं नाव. अ‍ॅपमध्ये फाइलचं नाव हेच टनेलचं नाव होतं. त्याला १५ अक्षरांची मर्यादा आहे, आणि रोमन अक्षरं, आकडे व मोजकी चिन्हंच चालतात. सभासदाने तीच फाइल दोनदा डाउनलोड केली की फोन नावापुढे कंसात १ लावतो. कंस चालत नाही, म्हणून इम्पोर्ट नाकारलं जातं आणि सभासदाला वाटतं की चुकली. मराठी नाव किंवा मध्ये मोकळी जागा असली तरी तेच. पानाने फाइलला कॉलसाइन आणि उपकरणाचा आकडा एवढंच नाव द्यावं.

पब्लिक की नीट कॉपी झाली का, हे डोळ्यांनी ताडता येतं. ती ३२ बाइटांची, बेस-६४ मध्ये (६४ चिन्हांत, दर चिन्हाला सहा बिट) लिहिलेली, म्हणून नेहमी ४४ अक्षरं, शेवटचं बरोबरचं चिन्ह. त्याच्या आधीचं, म्हणजे ४३वं अक्षर, सोळांपैकीच एक असतं: कॅपिटल ए, ई, आय, एम, क्यू, यू, वाय, स्मॉल सी, जी, के, ओ, एस, डब्ल्यू, किंवा ०, ४, ८. कारण २५६ बिट सहा-सहाच्या गटांत पाडले की शेवटच्या गटात चारच बिट उरतात आणि खालचे दोन शून्य राहतात. तिथे दुसरं काही दिसलं तर की नक्की बिघडलेली आहे, सर्व्हरवर टाकून बघायचीही गरज नाही. हीच तपासणी अ‍ॅडमिनच्या स्क्रिप्टमध्ये घाला. कागदावर लिहून घेताना कॅपिटल आय आणि स्मॉल एल, शून्य आणि कॅपिटल ओ यांची गल्लत होते, म्हणून मजकूर म्हणूनच पाठवायला सांगा, फोटो नको.

सर्व्हरवर नवा पीअर घालताना पूर्ण इंटरफेस बंद-चालू करू नका, बाकी ३३ जणांची जोडणी तुटते. कॉन्फिगमध्ये ओळी घालून 'डब्ल्यूजी सिंककॉन्फ' वापरा. आणि 'सेव्ह-कॉन्फिग ट्रू' ही ओळ असेल तर काढा. ती असताना फाइल हाताने बदलली आणि मग इंटरफेस बंद केला, तर मेमरीतली जुनी स्थिती फाइलवर परत लिहिली जाते. नवे सभासद गायब, आणि कुणी पुसले ते कळत नाही. प्रत्येक पीअरला सर्व्हरवर /३२ चाच पत्ता द्या. दोन पीअरना एकच पत्ता दिला तर नंतर घातलेला तो पळवतो आणि पहिला मुकाट्याने मुका होतो. तुमच्या क्रमांकाच्या पद्धतीने हे आपोआप टळतं.

शॅक_रत्नागिरी:

कॉलसाइन ताडण्याबद्दल. हॅम मंडळींकडे यासाठी एक साधन आधीच आहे, ते म्हणजे लोकल नेट (ठरल्या वेळी हवेवर भरणारी बैठक). पब्लिक की गुपित नसते, त्यामुळे ती हवेवर वाचायला काहीच आडकाठी नाही. पूर्ण ४४ अक्षरं वाचायची गरज नाही, पहिली आठ पुरतात. नेट कंट्रोल स्टेशन सभासदाला विचारतं, सभासद वाचतो, आणि अ‍ॅडमिन आपल्याकडे आलेल्या ओळीशी जुळवतो. ध्वन्यक्षरांत वाचताना प्रत्येक अक्षराआधी कॅपिटल की स्मॉल ते म्हणायचं: "कॅपिटल ब्राव्हो, स्मॉल किलो, आकडा सात." अधिक आणि तिरकी रेघ ही दोन चिन्हंही येऊ शकतात, ती आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक थबकतात. आठ अक्षरं म्हणजे ४८ बिट. मुद्दाम त्याच आठ अक्षरांनी सुरू होणारी की बनवायला बरीच यंत्रशक्ती खर्चावी लागेल, आणि वर सभासदाचा ओळखीचा आवाज आहेच.

जे व्हीएचएफच्या (जवळच्या पल्ल्याच्या रेडिओच्या) टप्प्यात नाहीत त्यांच्यासाठी एचएफ (लांब पल्ल्याचं) नेट किंवा व्हिडिओ कॉल.

कागदोपत्री पद्धत हवी असेल तर लॉगबुक ऑफ द वर्ल्डचं (हॅम संपर्कांची ऑनलाइन नोंदवही) प्रमाणपत्र आहे. एआरआरएल (अमेरिकेतली हॅम संघटना) ते अमेरिकेबाहेरच्या हॅमना परवान्याची आणि आणखी एका ओळखपत्राची प्रत पाहून देते. त्यात कॉलसाइन असते, मुदत ३ वर्षं. ४४नेटच्या (हौशी रेडिओसाठीच्या, ४४ ने सुरू होणाऱ्या इंटरनेट पत्त्यांचं जाळं) एका प्रायोगिक ओपनव्हीपीएन सेवेत याच प्रमाणपत्राने प्रवेश दिला जात असे. कल्पना देखणी आहे, पण ज्यांनी ते प्रमाणपत्र कधी काढलं नाही त्यांना आधी तो सगळा खटाटोप करावा लागेल. ३४ जणांच्या क्लबसाठी आवाज बरा.

यागी_पाच:

एवढं सगळं करण्यापेक्षा टेलस्केलची तयार व्हीपीएन सेवा लावा ना. लॉगिन केलं की झालं. आत वायरगार्डच आहे, की आपोआप बनतात, सीजीनॅट आपोआप पार होतो.

डायपोल_दोनमीटर:

यागी_पाच, फोन-लॅपटॉपसाठी ते खरंच सोपं आहे, आणि दहा जणांचा गट असेल तर मीही तेच सुचवलं असतं. डोंगरावरच्या उपकरणाबाबत एक खाच आहे. टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राची की मूळ सेटिंगनुसार १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन करावं लागतं. घरच्या लॅपटॉपवर ठीक. रिपीटरच्या खोलीतला पाय मात्र सहा महिन्यांनी, बहुधा भर पावसाळ्यात, आपोआप बाहेर पडणार आणि वर चढून जावं लागणार. त्या यंत्रापुरती मुदत बंद करण्याचा पर्याय अ‍ॅडमिनच्या पानावर आहे, तो पहिल्याच दिवशी लावा. दुसरं असं की सभासदांची यादी आणि ओळख तिसऱ्याच्या हातात जाते. हेडस्केल नावाचा सर्व्हर स्वतः चालवून ते टाळता येतं, पण मग सांभाळायला आणखी एक गोष्ट वाढली.

पत्ते तुमच्या मर्जीने ठरवता येणं हे साध्या वायरगार्डचं बळ आहे. उद्या क्लबने ४४नेटची मालिका घेतली तर तीच क्रमांकाची पद्धत तिथेही चालेल.

घाटमाथा_७३:

सगळ्यांचे आभार. एचटीएमएल पान तयार झालं, ११ जण जोडले गेले. तीन गोष्टी अजून अडल्या आहेत.

एक, डोंगरावरचा पाय. परवाच्या वीज गेल्यापासून जोडलाच जात नाही. तो ४जी डोंगलवर आहे. आधी याच कीने चालत होता. सर्व्हरवर त्याचा 'लेटेस्ट हँडशेक' (जोडणीआधीची शेवटची ओळख-देवाणघेवाण) तिथेच थांबलाय. वर जाऊन पाहिलं तर त्याच्या बाजूला पाठवलेले बाइट वाढतात, आलेले शून्य.

दोन, ४४नेटचा पत्ता मागवला तर सभासदांच्या अलाउड-आयपीजमध्ये ४४.०.०.०/८ घालू का?

तीन, डोंगरावरून शेजारच्या शिखरापर्यंत ५ गिगाहर्ट्झची लिंक टाकायची आहे. टनेल तिच्यावरूनच पुढे न्यावा का?

सोल्डरवायर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नक्की घड्याळात आहे.

आधी खात्री करा. सर्व्हरवर टीसीपीडंपने (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) ५१८२० पोर्ट पाहा. पायकडून १४८ बाइटांचा यूडीपी मजकूर येतोय का? तो हँडशेकची सुरुवात. त्याला ९२ बाइटांचं उत्तर जातं का? १४८ येतच नसेल तर दोष वाटेत आहे: पोर्ट, फायरवॉल, डोंगलचा रिचार्ज. १४८ येतोय पण ९२ जात नसेल तर सर्व्हरने तो ऐकून टाकून दिला. म्हणजे की चुकली किंवा वेळ चुकली. की बदललेली नाही, मग वेळ.

कारण असं. हँडशेकच्या पहिल्या पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ असते. कुणी जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवू नये म्हणून सर्व्हर प्रत्येक पीअरची शेवटची वेळ लक्षात ठेवतो, आणि त्याहून जुनी किंवा तेवढीच वेळ आली तर न बोलता टाकून देतो. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीचं घड्याळ नसतं. वीज गेली की उठताना तो शेवटची जतन केलेली वेळ घेतो, म्हणजे मागे राहतो. एरवी इंटरनेट मिळताच एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) वेळ सुधारते आणि पुढचा हँडशेक लागतो. सुधारली नाही, याचा अर्थ एनटीपीला वाट मिळत नाहीये. तुमच्या पायच्या कॉन्फिगमध्ये डीएनएसची (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) ओळ आहे का? आणि तिच्यात १०.७३.०.१ आहे का? असेल तर गुंता हाच: टनेल नाही म्हणून डीएनएस नाही, डीएनएस नाही म्हणून एनटीपी सर्व्हरचं नाव उलगडत नाही, वेळ सुधारत नाही म्हणून टनेल नाही.

घाटमाथा_७३:

अगदी बरोबर. १४८ येतोय, उत्तर नाही. आणि डीएनएसची ओळ आहे, ती आम्हीच साच्यात घातली होती.

सोल्डरवायर:

ती ओळ साच्यातूनच काढा, कुणालाच नको. क्लबची मोजकी नावं हवी असतील तर होस्ट्स फाइलमध्ये लिहा.

आत्ता लगेच चालू करायला वर जायची गरज नाही. सर्व्हरवर तो पीअर 'रिमूव्ह' करून सिंककॉन्फने परत घाला. पीअर नव्याने बनला की लक्षात ठेवलेली वेळ पुसली जाते आणि पायचा जुन्या वेळेचा हँडशेकही स्वीकारला जातो. टनेल आला की डीएनएस आलं, मग घड्याळही सुधारेल. सर्व्हर रीबूट केला तरी हेच होतं, म्हणून पुष्कळांना वाटतं की रीबूटने बरं झालं, आणि मूळ कारण तसंच राहतं.

कायमचा इलाज म्हणजे डीएस३२३१ चं घड्याळ मॉड्यूल. चार तारा: पायच्या पिन १ वरून ३.३ व्होल्ट, पिन ३ वर एसडीए, पिन ५ वर एससीएल, पिन ६ वर ग्राउंड. ५ व्होल्ट देऊ नका. एक तर मॉड्यूलवरचे पुल-अप रोधक पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनांवर ५ व्होल्ट चढवतील. दुसरं, बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं आणि त्यात लोक साधा सीआर२०३२ सेल बसवतात, जो चार्ज करायचा नसतो. ३.३ व्होल्टवर डायोडची घट वजा जाता तो चार्ज होण्याइतका दाब उरतच नाही. मग बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये आयटूसी चालू करून 'आयटूसी-आरटीसी, डीएस३२३१' हा ओव्हरले घाला. पाय ५ वर घड्याळ बोर्डातच आहे, फक्त बॅटरी जोडावी लागते.

आणि त्या पायवर वायरगार्डची सर्व्हिस अपयशी झाली तर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न कर, अशी ओळ सिस्टिमडीत घाला. एंडपॉइंटचं नाव सुरुवातीलाच उलगडलं जातं. वीज परत आल्यावर ४जी डोंगल उठायला वेळ लागला तर तो प्रयत्न फसतो आणि पुन्हा होतच नाही.

डायपोल_दोनमीटर:

दुसरा प्रश्न. ४४.०.०.०/८ घालू नका. हा पूर्ण गट १९८१ पासून हौशी रेडिओकडे होता, पण २०१९ मध्ये एआरडीसीने (हे पत्ते सांभाळणारी संस्था) त्यातला ४४.१९२.०.०/१० हा पाव हिस्सा अ‍ॅमेझॉनला विकला. आता हौशींकडे ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० असे दोन तुकडे आहेत. जुन्या लेखांत अजूनही /८ लिहिलेलं सापडतं. तसं टाकलं तर अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर असलेल्या संकेतस्थळांचे काही पत्ते तुमच्या टनेलमध्ये ओढले जातील आणि तिथेच बुडतील. सभासद सांगेल की व्हीपीएन लावला की अमुक अ‍ॅप उघडत नाही, बाकी सगळं चालतं. असा दोष शोधायला फार वेळ खातो. दोन तुकडे स्वतंत्र लिहा. त्याहून चांगलं म्हणजे जोवर बाहेरच्या ४४ पत्त्यांशी बोलायचं नाही तोवर फक्त आपल्या क्लबला मिळालेला तुकडा लिहा.

पत्ता मागवताना लक्षात घ्या, की ४४नेटची जुनी आयपीआयपी (पॅकेटात पॅकेट गुंडाळणारी) जाळी सीजीनॅटमागून चालत नाही. तिला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि प्रोटोकॉल ४ ची मोकळी वाट लागते. ती गाठ सर्व्हरवर बांधायची आणि सभासदांपर्यंत वायरगार्डच न्यायचा.

शॅक_रत्नागिरी:

तिसऱ्या प्रश्नाबाबत सावध. वायरगार्डचा टनेल म्हणजे एन्क्रिप्शन, आणि ते बंद करण्याची सोय त्यात नाही. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) रेडिओ नियमावलीत २५.२ए कलमानुसार दोन देशांतल्या हौशी स्थानकांमधलं प्रसारण अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करता येत नाही. अपवाद उपग्रहांच्या नियंत्रण संदेशांचा. देशांतर्गत संपर्कासाठीही हौशी सेवेची रीत हीच: कोण काय बोलतंय ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. त्यामुळे इंटरनेटवर टनेल हवा तेवढा चालवा, पण हौशी परवान्याखाली चालणाऱ्या आरएफ (रेडिओ) लिंकवर तो नेऊ नका. अमेरिकेतली एआरईडीएन ही हौशींची रेडिओ जाळी हाच भेद पाळते, हवेवर उघडं आणि टनेल फक्त इंटरनेटच्या तुकड्यावर.

तुमच्या लिंकपुढे दोन मार्ग आहेत. साधं वायफायचं उपकरण परवानामुक्त पट्ट्यात, त्याच्या ठरलेल्या शक्तीत चालवायचं. तिथे कॉलसाइन लावायचं नाही आणि एन्क्रिप्शनला आडकाठी नाही. किंवा हौशी परवान्याखाली चालवायचं, मग टनेल डोंगरावरच्या पायवर संपवायचा आणि पुढचा तुकडा उघडा ठेवायचा. दोन्हींची सरमिसळ नको. परवान्यातला पट्टा आणि शक्ती आधी वाचून घ्या.

उघड्या तुकड्यावर गुप्तता नसली तरी खातरजमा करता येते, आणि ती नियमात बसते. संदेश सगळ्यांना वाचता येतो, पण सही बनावट करता येत नाही. आयपीसेकचा (पॅकेटं सुरक्षित करणारा प्रोटोकॉल) एएच प्रकार नेमका यासाठी आहे. तो नॅटमधून जात नाही, पण दोन शिखरांमध्ये नॅट नसतोच. रिपीटर बंद-चालू करण्यासारख्या आज्ञेसाठी याहून साधं: आज्ञा, वाढता क्रमांक आणि एचमॅक (सामायिक गुप्त कीने काढलेली सही). क्रमांक हवा, नाहीतर कुणी कालची आज्ञा रेकॉर्ड करून आज वाजवेल. त्या लिंकवरून पासवर्ड टाइप करायचा असलेलं कोणतंही वेबपेज वापरू नका, तो उघडा जाईल.

घाटमाथा_७३:

पाय परत आला. पीअर काढून घातला आणि दहा सेकंदांत हँडशेक लागला. लिंक परवानामुक्त पट्ट्यातच ठेवायचं ठरतंय.

एक शेवटचं. सभासदाचा फोन हरवला किंवा सर्व्हर बदलला तर?

सोल्डरवायर:

फोन हरवला तर सर्व्हरवरून ती पब्लिक की काढा, दोन मिनिटांचं काम. नवा फोन, नवी की, तोच क्रमांक. वायरगार्डच्या कीला मुदत नसते, म्हणून यादीत कॉलसाइन, क्रमांक, उपकरण आणि तारीख लिहून ठेवा, आणि वर्षातून एकदा 'डब्ल्यूजी शो' मधल्या शेवटच्या हँडशेकशी ताडून पाहा. ज्याचा कधीच लागला नाही त्याला फोन करून विचारा.

सर्व्हर बदलताना त्याची प्रायव्हेट की सोबत न्या आणि डीएनएसमध्ये नाव नव्या पत्त्याकडे वळवा. सभासदांना कॉन्फिगला हात लावावा लागत नाही, फक्त टनेल एकदा बंद-चालू करायचा, कारण चालू टनेल नाव पुन्हा उलगडत नाही. डोंगरावरच्या पायवर यासाठी टूल्सच्या कंट्रिब फोल्डरातली रीरिझॉल्व्ह-डीएनएस स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालवा. सर्व्हरची ती की हरवली तर मात्र ३४ जणांची कॉन्फिग पुन्हा करावी लागेल. म्हणून तिची एक प्रत छापून क्लबच्या परवान्याच्या फाइलमध्ये, बंद पाकिटात ठेवा.

सभासद एकमेकांना दिसायला हवे असतील तर सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग १ करा. पण कंट्रोलरच्या पत्त्याकडे फक्त कंट्रोल ऑपरेटरांचे क्रमांक जातील असा नियम एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) आधी लिहा आणि मग फॉरवर्डिंग उघडा, उलट क्रमाने नको. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).